दगड पार्लरकडे, वस्तरा माझ्याकडे

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान बंद. सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत वस्तरा घासला. मालवणच्या बाजारातला दगड, कारखान्यात केलेला, खोक्यावर 'अतिबारीक' छापलंय. छापणाऱ्याची दाढी याच वस्तऱ्याने करायला हवी. हातावरचे केस निघतात, पण ओढून. गालावर ठेवला तर डोळ्यांत पाणी आलं.

वस्तरा बाबांचा, काळ्या मुठीचा. बाबा शेवटचा हात त्यांच्या हिरवट दगडावर मारायचे, साबणाच्या फेसात, मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायचे. गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. तो दगड आता पार्लरकडे आहे.

पार्लर म्हणजे माझा थोरला भाऊ. दीड वर्षापूर्वी, बाबा गेल्यावर, मुंबईहून आला आणि तिठ्यावर बरोबर माझ्या दुकानासमोर काचेचं दार लावून बसला. त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं बाबांच्या वर्षश्राद्धाला ठरवलं. सात महिने झाले, पाळतोय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गावचे मानकरी आपा दुकानात आले. गावपळण ठरली. १२ डिसेंबर, शुक्रवार.

म्हणजे ढोल वाजला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळी वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. गावात चूल पेटायची नाही, काही विसरलं म्हणून कोणी मागे फिरायचं नाही. चौथ्या सकाळी वेशीवरच्या पाषाणाला कौल लावायचा. उजवा, म्हणजे देवाचा होकार, मिळाला की तिथेच आपांची दाढी, आमच्या घरच्या हाताने. मग मानकरी म्हणून आपा पहिले देवळात, आणि मागून गाव.

चार वर्षांपूर्वी ती दाढी बाबांनी केली होती, चौऱ्याऐंशी वय. आता मी.

मी असं धरून चाललो होतो. आपा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "बाळा, तुझो भाव इल्लो माझ्याकडे. म्हणता थोरलो मी, तेवा मान माझो. नवीन पाती लावन करतंय म्हणता."

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात.

"म्हटलंय, वस्तरो तयार झालो तर बाळा करतलो. नाय झालो तर तू. माझी कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली हा. रगात इला तर मान तुमच्या घरात रवाचो नाय."

खरं आहे. आमच्याकडे मान आलाच मुळी असा. आजोबांच्या आधी तो दुसऱ्या घराकडे होता. त्या घराच्या हातून वेशीवर रक्ताचा एक थेंब पडला. त्यांच्या घराला अजून लोक त्याच गोष्टीने ओळखतात.

आणि हा पात्याने करणार. फेकायच्या पात्याने.

१० नोव्हेंबर, सोमवार

व्हाळात गेलो दगड बघायला. गुडघाभर पाण्यात तीन तास. आमच्याकडे जांभा म्हणजे नुसती भोकं, त्याच्यावर कोयतीसुद्धा धड लागत नाही. सात दगड आणले. पाट्यावर घासून सपाट करत होतो तर बायको, सुमन, मागे येऊन उभी.

"पाट्यार दगड घासतास? मगे वाटप मी खंय वाटू? तुमच्या टकलेर?"

सातातले सहा नखाखालीच खरखरले, फेकले. सातव्याने वस्तऱ्याच्या धारेला दाणा मारला. एका बारीक खड्ड्यासाठी पुन्हा पहिल्यापासून घासणं आलं. दिवसभर डोकं फिरलेलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माळ्यावरून माझी शाळेतली दगडी पाटी काढली. चौकट मोडली, पाटी धुतली, साबणाचा फेस करून त्यावर वस्तरा फिरवला. वजन न टाकता, नुसता वस्तऱ्याच्या स्वतःच्या भाराने. बाजारच्या दगडापेक्षा शंभर पटीने बरी. मधल्या भागाला मऊ धार आली.

पण टोक आणि बूड दोन्हीकडे नाही. मध्ये लोणी, दोन्ही बाजूंना कुऱ्हाड. का ते कळत नाही.

पार्लर दारात उभा राहून बघत होता. तिकडून ओरडला, "काय रे, परत शाळेत जातंस?" त्याची दोन गिऱ्हाइकं हसली. एक तर गेल्या महिन्यापर्यंत माझं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मसुऱ्याला मावशीकडे गेलो. तिच्या मागच्या बाजूला ओहोटीला खाडी उघडी पडते. तिथे काठाला पातळ थरांचा राखी दगड आहे, तिच्याकडचे लोक पायरीला वापरतात. एक फळी सापडली, वीतभर लांब, चार बोटं रुंद. पाणी टाकून दुसऱ्या तुकड्याने घासली, त्याचा चिखल दाताखाली घेतला. किरकिर नाही. बाबा दगड असाच पारखायचे, आई शिव्या घालायची.

मावशी म्हणाली, "माती कित्याक खातंस रे? डोहाळे लागले काय?" मग म्हणाली, दोघे भाव एका आवशीचे, आणि एक दगड मागूक जमणा नाय. मी चहा अर्धा ठेवून निघालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मसुऱ्याचा दगड चांगला. खरंच चांगला. मधल्या भागाने हवेत धरलेला केस तुटतो. टोक आणि बूड पुन्हा नाही.

तीन वेगळे दगड आणि दुखणं तेच. म्हणजे दुखणं दगडात नाही.

दगड नरम आहे, कोरडा पडला की थर सुटायला लागतात. म्हणून विहिरीकडच्या मडक्यात पाण्यात ठेवतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं. कळलं ते आधी कळायला हवं होतं, चाळीस वर्षं या धंद्यात घालवून.

सुमनचं काजळ घेतलं. धारेला पूर्ण लांबीभर लावलं, दगडावर एकदाच हलका फिरवला आणि उजेडात धरला. मधलं काजळ पुसलेलं, दोन्ही टोकांना तसंच काळं. वस्तरा सरळ नाहीच. बाहेरच्या बाजूला किंचित फुगलाय.

का फुगणार नाही? बाबांच्या दगडाला पोट होतं. पन्नासेक वर्षं घासून मध्ये खळगा पडलेला, बोट फिरवलं की लागायचा. वस्तरा त्या खळग्यात बसून झिजला, त्याच्या मापाचा झाला. आता जगातल्या कुठल्याही सपाट दगडावर त्याचा मधला भागच टेकणार.

म्हणजे ती जोडी होती. आणि आम्ही ती वाटणीत मोडली.

वर्षश्राद्धाचा दिवस. बाबांची हत्यारांची धोकटी उघडून ओटीवर ठेवलेली. पार्लर म्हणाला, तू बाबांच्या दुकानात बसतंस, तू वस्तरो घे, दगड माका आठवण म्हणून. मी म्हणालो, तू पात्याने दाढ्या करतोस, तुला दगड कशाला, भाजी चिरायला? मग तो मुंबईतून दरमहा काय पाठवायचा ते काढायला लागला, मी आईला कोणी उचलून बसवलं ते काढलं. दगड त्याने हातातून सोडला नाही. मीही वस्तरा नाही सोडला.

आता त्याच्याकडे जाऊन दगड मागितला की सगळं सुटतं. सुमन तेच म्हणते. मी त्याच्या दारात जाणार नाही. मेलो तरी नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर मनगट मोडून घेतलं. सपाट दगडावर फुगलेला वस्तरा फिरवायचा तर हात सरळ जाऊन चालत नाही. आधी बूड टेकवायचं, मग मध्य, मग टोक, एकाच ओघात, पाळणा हलवल्यासारखं. शंभरातले नव्वद हात चुकतात. काजळ लावायचं, बघायचं, पुसायचं, परत. सुमनचं काजळ संपलं, ती बोलत नाही.

आज दुपारी काजळ पहिल्यांदा पूर्ण लांबी पुसलं गेलं. मग पंधरा हात नुसत्या पाण्यावर, पंधरा साबणावर, पट्ट्यावर साठ. स्वतःची दाढी केली. लागलाच नाही. गालावरून हात फिरवत अर्धा तास नुसता बसून होतो.

मला आनंद झाला, तो लिहून ठेवतो. पार्लरशिवाय झालं याचा जास्त झाला.

७ डिसेंबर, रविवार

आपा बघायला आले. स्वतःच्या छातीचा पांढरा केस उपटून धारेवर टाकला. दोन तुकडे. "बरो," म्हणाले. एवढंच. मग उठून समोर गेले आणि पार्लरला काहीतरी सांगितलं. त्याचं तोंड काचेतून बघितलं. आजची भाजी गोड लागली.

११ डिसेंबर, गुरुवार

बांधाबांध. भांडी, तांदूळ, चटया, गॅस नको चूल बरी असं सुमनचं. शेवटचे दहा हात मारून वस्तरा बाबांच्या चामड्याच्या म्यानात घातला आणि पिशवीत तळाला ठेवला. दगड परत मडक्यात, ऐनवेळी उचलायचा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ढोल वाजला. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही वेशीबाहेर. शेळी, दोन कोंबड्या, मांजर पोत्यात.

झोपडी खाडीच्या अंगाला मिळाली. शेजारी कोण? वीस पावलांवर पार्लर, त्याची बायको, आणि बॅटरीवर चालणारा पंखा. जागा ठरवणाऱ्याला मी नंतर भेटणार आहे.

चटई पसरताना आठवलं. दगड मडक्यात राहिला.

विहिरीपासून वेशीपर्यंत अर्धा तास. इथून माडाचे शेंडेसुद्धा दिसतात. पण पाय आत टाकता येत नाही. सुमन म्हणाली, "होया कित्याक आता? धार लावन ठेवलास मां?" लावली आहे. चार दिवस नुसती राहिली पाहिजे.

१३ डिसेंबर, शनिवार

राहिली नाही.

सकाळी पिशवी ओली. दव असं पडलं की चटई पिळून काढली. म्यान उघडलं, चामडं घामेजलेलं, आणि धारेवर तांबूस ठिपके. अकरा मोजले. घरी मी रोज खोबरेल तेल लावून कागदात ठेवतो. म्यानात घातला तो ऐट म्हणून, बाबांचं म्यान लोकांना दिसावं म्हणून. बाबा स्वतः ते म्यान रिकामंच ठेवायचे. चामडं पाणी धरतं हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलंय. गाढव मी.

पट्ट्यावर दीडशे वेळा परजला. ठिपके फिकट झाले, पण धारेला दात पडलेत, नखाला लागतात. हे पट्ट्याचं काम नाही. दगडच पाहिजे. माझा दगड पाण्यात मजेत आहे.

दुसरा दगड वीस पावलांवर. पार्लरच्या पिशवीत असणार, मला माहीत आहे, तो दाखवायला घेऊन आला असणार.

१४ डिसेंबर, रविवार

शेवटी सुमन गेली, मला न विचारता. वयनीकडे तिखट मागायला म्हणून. येऊन म्हणाली, "भावोजी म्हणतत, दगड देवचंय नाय. वस्तरो घेवन ये, मी घासून दितंय."

मी म्हणालो, त्याला सांग, वस्तरा द्यायचा नाही. दगड घेऊन ये.

ती पुन्हा गेली. परत आली. "म्हणतत, दगड देवचंय नाय." मग तिखटाची वाटी आपटून म्हणाली की आता तिसऱ्यांदा ती जाणार नाही, आम्ही दोघांनी खाडीत बुडून मरावं.

चार वाजता मी गेलो. लिहायला लाज वाटते, पण गेलो. वीस पावलं चालायला केवढा वेळ लागला. तो पंख्यासमोर बसलेला. मी म्हणालो, नुसता बघू दे. त्याने पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं.

तो दगड सपाट होता.

लादीसारखा. चकचकीत, कडा गोल केलेल्या. मी बोट फिरवलं. पोट गेलं. पन्नास वर्षांचं पोट गेलं.

"वाकडो झाल्लो," तो म्हणाला, छाती काढून. "आठ दिवस सिमेंटाच्या लादयेर घासून सरळ केलंय. बघ, आता काच आसा."

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बापाला दुसऱ्यांदा जाळलंस, हे बोललो. ते ऐकून आजूबाजूच्या झोपड्यांतले लोक बाहेर आले. तो म्हणाला, "बापूस गेलो तेवा तू तेच्या बाजूक होतंस, मी नव्हतंय, ता किती वेळा सांगतलंस?" वयनी रडायला लागली. आपा लांबून बघत होते.

रात्रीच्या जेवणाला सुमनने सांगितलं, वयनी म्हणत होती, दगड सरळ करून तो मलाच देणार होता, दिवाळीला. खोटं. दिवाळी होऊन गेली.

उद्या सकाळी तो पात्याने करणार. आपांनी तसं कळवलंय.

१५ डिसेंबर, सोमवार

पहाटे सगळे वेशीवर. पार्लर नवीन शर्टात, पाकिटातून पातं काढून तयार. मी मागे, माणसांच्या मागे.

कौल मिळाला नाही.

तीनदा लावला. दोनदा डावा, तिसऱ्यांदा काहीच नाही. म्हणजे अजून एक दिवस बाहेर. बायका कुरकुरल्या, पोरांच्या शाळा, कोणाची मुंबईची गाडी. लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि मग सगळे आमच्याकडे. काल सगळ्यांनी ऐकलेलं. आपा दगडावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "एका घरात दोन हत्यारा वायली वायली ठेवन माझ्या तोंडाक कोणी हात लावचो नाय. उद्या परत कौल. तोवर काय ता बघा."

दगड आणि वस्तरा वेगळे ठेवण्याशी, आमच्या भांडणाशी देवाला काय करायचंय, मला पटत नाही. पण गावाला पटलं.

संध्याकाळी, सुमन चूल पेटवत असताना तो आला. समोर बसला, ओलं फडकं मांडीवर टाकलं, त्यावर दगड, दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"दगड माझ्या हातात रवतलो," म्हणाला.

"रव," म्हटलं. "वस्तरो माझ्या हातात."

आणि घासायला लागलो. त्याच्या मांडीवर. त्याने थोडी जरी मांडी हलवली असती तरी संपलं होतं. हलवली नाही. आधी पाण्यावर, दात जाईपर्यंत, मग काजळ, वयनीचं. मग फेस. दगड तोच आहे, सपाट झाला तरी जात तीच, फेसाखाली वस्तरा गेला की आवाज बाबांच्या वेळचा. मला तो आवाज आवडला याचा राग आला.

तो माझ्या मनगटाकडे बघत होता. "ता असा फिरवतंस कित्याक?"

मी फेस पुसून बाजू बदलली.

"बाबा असोच फिरवीत?"

"नाय," म्हटलं. "बाबांका गरज नव्हती. दगडाक पोट होता."

त्याचा अंगठा दगडाच्या मध्यावरून फिरला. मग म्हणाला, "माका कोणी सांगूक नाय."

"तू इचारलंस खंय?"

मी पुन्हा काजळ लावलं. काळोख पडायच्या आत काजळ पूर्ण पुसलं गेलं. तो दगड गुंडाळून घेऊन गेला. आज वस्तरा तेल लावून कागदात, माझ्या उशाशी.

१६ डिसेंबर, मंगळवार

पाणी चुलीवर आहे, तापेपर्यंत लिहितो.

कौल मिळाला. उजवा, पहिल्याच खेपेला. पोरं सामान बांधायला पळाली. आपा बसले, पंचा गळ्याला लावला, आणि मी पुढे झालो तर हात वर केला. "आदी दुसऱ्या कोणाच्या गालार दाखय. आज ह्या हत्याराचो माका भरवसो नाय."

मी स्वतःचा गाल पुढे केला. म्हणाले, स्वतःचो नको, स्वतःक कोण कापता?

चाळीस बाप्ये उभे होते. कोणी पुढे आलं नाही. बरोबर आहे, गंजाचं सगळ्यांनी ऐकलेलं.

मग दत्ता आला, माझा थोरला भाऊ. आपांच्या शेजारच्या दगडावर बसला, शर्टाचं वरचं बटण काढलं, डोकं मागे टाकलं. स्वतःच फेस लावला. "कर," म्हणाला. "पाणी गरम घे."

त्याच्या हनुवटीखाली जुना व्रण आहे. मी आठवीत असताना त्याला दगड मारलेला, त्याचा. तिथे केस उलटे वाढतात आणि धार अडकते. बाबा तिथे आले की श्वास धरायचे आणि हात हलका करायचे. मी कडेला उभा राहून बघायचो. माझ्या हाताने तिथे कधी वस्तरा लागलेला नाही, त्याने कधी लावू दिला नाही.

त्याने डोळे मिटलेत. फेस वाळायला लागलाय.

माझा राग गेलेला नाही. काल रात्री झोपताना होता, आत्ताही आहे, दगडाचं पोट तो परत आणून देणार नाही. आणि चाळीस माणसांसमोर तो माझ्यापुढे गळा उघडा टाकून बसलाय, आणि वस्तरा माझ्या उजव्या हाताशी आहे.

सुमन म्हणते, पाणी तापलं.